आयपॅडला गिटार लावली की 'पॉवर जास्त लागते' म्हणतोय? इंटरफेस परत करायच्या आधी हे बघा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं, "नवीन इंटरफेस घेतला पण बहुतेक पीस खराब आलाय." इंटरफेस म्हणजे गिटारचा आवाज आयपॅड-टॅबलेटमध्ये घालणारा छोटा डबा. मागच्या आठवड्यात भाच्याचा आला, कोल्हापूरहून. "मामा, आयपॅडला लावला की दोन सेकंद लाइट लागतो आणि विझतो, स्क्रीनवर पॉवरचा कायतरी मेसेज येतो, परत करू काय?" म्हटलं थांब, आधी मधल्या अ‍ॅडाप्टरचा फोटो पाठव. फोटो आला आणि बघितल्या बघितल्या कळलं. इंटरफेस ठणठणीत होता, त्याला जेवायलाच मिळत नव्हतं.

हे मला इतक्या पटकन कळलं कारण हाच गाढवपणा मी स्वतः केलाय. चार वर्षांपूर्वी पहिला इंटरफेस घेतला, आयपॅडला लावला, चालला नाही, दुकानात जाऊन बदलून आणला, दुसरा पण तसाच, तो घेऊन परत गेलो तर दुकानातल्या पोराने माझ्यासमोर तो त्यांच्या लॅपटॉपला लावला आणि मस्तपैकी हिरवा लाइट लागला. मी गप घरी आलो. तेव्हापासून कुणी "कुठला इंटरफेस घेऊ" विचारलं की मी आधी उलट विचारतो, टॅबलेट कुठला आणि त्याला भोक कुठलं. आवाजाची क्वालिटी, प्रीअँप, २४ बिट वगैरे सगळं नंतर, कारण आजकाल चार-पाच हजाराच्या डब्याचा आवाज पण घरी वाजवायला पुरून उरतो, अडतं ते पॉवर आणि पोर्टपाशीच.

पॉवरचा मेसेज

आयपॅडवर इंग्रजीत येतो, कॅनॉट यूज डिव्हाइस, धिस डिव्हाइस रिक्वायर्स टू मच पॉवर. याचा अर्थ अगदी शब्दशः घ्या, डिव्हाइस बिघडलंय असं तो म्हणतच नाहीये. यूएसबी २ च्या हिशोबाने पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर म्हणजे अडीच वॉट मिळायला पाहिजेत, लॅपटॉप तेवढे देतो, लाइटनिंग म्हणजे आयपॅडच्या जुन्या पोर्टवाला आयपॅड एकट्याच्या जिवावर देत नाही. त्यामुळे लॅपटॉपवर चाललं आणि आयपॅडवर नाही, हा अनुभव सगळ्यांचा सारखाच.

आता तुमचा आयपॅड लाइटनिंगवाला आहे की यूएसबी-सी वाला ते बघा. प्रो २०१८ पासून, एअर २०२० पासून, मिनी २०२१ पासून आणि साधा आयपॅड २०२२ च्या दहाव्या पिढीपासून सी पोर्टवर आला. नववी पिढी २०२१ ची, ती लाइटनिंगवरच आहे आणि अजून घरोघरी आहे कारण शाळा-क्लासच्या नावाखाली खूप जणांनी तीच घेतली. भाच्याकडे पण तीच.

लाइटनिंगला यूएसबी जोडायला अ‍ॅपलचे कॅमेरा अ‍ॅडाप्टर म्हणून येतात आणि ते दोन प्रकारचे असतात, इथेच गफलत होते. जुन्या साध्या अ‍ॅडाप्टरला फक्त एक यूएसबीचं भोक असतं. दुसरा यूएसबी ३ वाला, त्याला यूएसबीच्या शेजारी लाइटनिंगचं अजून एक भोक असतं, त्यात चार्जर लावायचा म्हणजे चार्जरची पॉवर आयपॅडला पण जाते आणि इंटरफेसला पण. भाच्याकडे पहिला होता, कुणा मित्राने पेनड्राइव्ह लावायला घेतलेला आणि याला दिलेला. यूएसबी ३ वाला आणला, आयपॅडसोबत आलेला २० वॉटचा चार्जर लावला, विषय संपला. जुन्या आयफोनचा तो ५ वॉटचा इवलासा ठोकळा लावू नका, तो दोघांना पुरत नाही आणि मग वाजवता वाजवता मध्येच इंटरफेस गायब होतो, ते तर जास्त डोकं फिरवतं.

अ‍ॅडाप्टरच नवीन घ्यायचा नसेल तर जुन्याच्या आणि इंटरफेसच्या मध्ये पॉवरवाला यूएसबी हब टाका, म्हणजे ज्या हबला स्वतःचा अ‍ॅडाप्टर आहे तो, नुसता चार भोकांचा नाही. किंवा इंटरफेसच असा निवडा की ज्याला पॉवरसाठी वेगळं भोक आहे. स्टाइनबर्ग यूआर२२सी ला मागे ५ व्होल्टचं वेगळं मायक्रो यूएसबी आहे आणि पॉवर कुठून घ्यायची त्याचं छोटं स्विच आहे. फोकसराइट स्कारलेट २आय२ च्या चौथ्या पिढीला मागे दोन सी पोर्ट आहेत त्यातला एक फक्त पॉवरचा. आणि ज्याला हे सगळं जंजाळच नको, एकटी गिटार वाजवायची आहे, माइक-बिइक काही नाही, त्याने आयरिग एचडी २ सारखं छोटं बघावं, ते लाइटनिंग केबल घेऊनच येतं आणि पॉवर आयपॅडकडूनच घेतं, मध्ये अ‍ॅडाप्टर लागत नाही.

अजून एक, पॅनलवर ४८ व्होल्टचं बटण असतं ते फँटम पॉवर, कंडेन्सर माइकसाठी. गिटारला त्याचा काडीचा उपयोग नाही आणि ते चालू असलं की इंटरफेस जास्त पॉवर ओढतो. बंद ठेवा.

सी पोर्टवाल्यांचं त्या मानाने बरं आहे, बहुतेक छोटे इंटरफेस थेट चालतात. पण त्यांचं दुखणं वेगळं. एकच पोर्ट, त्यात इंटरफेस लावला की चार्जिंग बंद, म्हणून हब आणतात, आणि हबला चार्जर लावला किंवा काढला की इंटरफेस क्षणभर तुटून परत जोडला जातो कारण पॉवर कोण कोणाला देणार याचं त्या दोघांचं बोलणं नव्याने सुरू होतं. रेकॉर्डिंग चालू असेल तर गेलं. म्हणून चार्जर आधी लावा, मग इंटरफेस, मग अ‍ॅप उघडा, आणि वाजवून होईपर्यंत कशाला हात लावू नका. आणि केबल बघा हो, पॉवरबँकेबरोबर आलेली वायर पुष्कळदा फक्त चार्जिंगची असते, आत डेटाच्या तारा नसतातच, लाइट लागतो पण आयपॅडला काही दिसत नाही.

लाइट आहे पण आवाज नाही

हे दुसऱ्या नंबरचं. याच्यात बिघाड असा काहीच नसतो पण माणूस रडकुंडीला येतो.

सगळ्यात आधी, इंटरफेस जोडला की आयपॅडचा आवाज आयपॅडच्या स्पीकरमधून येणं बंद होतं, तो पण इंटरफेसमधूनच येतो. यूट्यूब पण. माझ्या बायकोने एकदा "तुझ्या त्या डब्याने आयपॅडचा आवाज घालवला" म्हणून मला ऑफिसात फोन केलेला, मी सकाळी वायर काढायला विसरलो होतो. हेडफोन इंटरफेसमध्ये घाला, मोठ्या जॅकसाठी कन्व्हर्टर लागतो, पन्नास-शंभर रुपयाला मिळतो, दोन घेऊन ठेवा कारण एक हरवणारच.

मग परमिशन. अ‍ॅपने पहिल्यांदा मायक्रोफोन वापरू का विचारलं आणि तुम्ही घाईत नाही म्हणालात, की इंटरफेसची गिटार पण बंद, कारण आयपॅडच्या लेखी इनपुट म्हणजे माइकच. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे मायक्रोफोन, तिथे अ‍ॅपसमोरचं बटण हिरवं पाहिजे.

मग चॅनल. बेहरिंगर यूएम२ बघा, खूप जणांकडे असतो कारण स्वस्त. त्याचं पहिलं इनपुट माइक आणि लाइनचं, गिटारचं इनपुट दुसरं आहे. अ‍ॅप पहिल्यावर कान लावून बसतं, गिटार दुसऱ्यात, मग काय ऐकू येणार. गॅरेजबँड या आयपॅडवरच्या रेकॉर्डिंगच्या सोयीत वर जॅकच्या पिनसारखं चित्र असतं ते दाबा, तिथे चॅनल निवडता येतो आणि तिथेच मॉनिटरचं बटण आहे ते पण चालू करायचं, नाहीतर मीटर हलताना दिसतो आणि कानात शांतता. गिटार एकाच कानात येत असेल तरी हाच प्रकार, अ‍ॅपने दोन्ही इनपुट डावं-उजवं धरलेत, मोनो करा.

आणि इन्स्ट, म्हणजे इन्स्ट्रुमेंट. हे लक्षात ठेवा कारण यात आवाज येतो पण मेल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात इंटरफेसची क्वालिटी फालतू. गिटारच्या पिकअपला पुढे मोठा इम्पिडन्स म्हणजे विजेला अडथळा लागतो, १ मेगाओहमच्या आसपास, साध्या लाइन इनपुटचा १० किलोओहमच्या घरात असतो. लाइनमध्ये गिटार घातली की पिकअपवर बोजा पडतो, वरची धार निघून जाते, सगळं उशीखाली वाजल्यासारखं. इंटरफेसवर इन्स्ट लिहिलेलं बटण असतं किंवा गिटारचं चित्र, ते दाबलंय ना बघा. विकत घेतानाही हेच बघायचं, गिटारसाठी वेगळं हाय झी म्हणजे मोठ्या इम्पिडन्सचं इनपुट आहे का. काही डब्यांना नुसते माइक-लाइन असतात, ते गाणाऱ्यांसाठी ठीक.

अकूस्टिकवाल्यांनो, तुमच्या गिटारच्या प्रीअँपमधली ९ व्होल्टची बॅटरी बघा. अर्धी मेली की आवाज फाटतो आणि सगळे इंटरफेसचा गेन कमी-जास्त करत बसतात. जॅक गिटारमध्ये तसाच राहिला की ती बॅटरी रात्रभर संपत राहते, त्यामुळे वाजवून झालं की पिन काढा.

घूंऽऽऽ

याच्यावर मी एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवलीये.

आधी एक टेस्ट. आयपॅडचा चार्जर काढा, फक्त बॅटरीवर वाजवा (लाइटनिंगवाल्यांना पॉवर लागणारच, त्यांचं खाली सांगतो). घूं गेलं? मग चोर चार्जर. आपल्याकडच्या दोन पिनी चार्जरला अर्थिंग नसतं, त्यातून किंचित करंट बाहेर झिरपतो आणि गिटारच्या तारांपर्यंत पोचतो. हाताला मुंग्या आल्यासारखं वाटतं ना कधीकधी, धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवला की गुरगुरल्यासारखं, तोच हा प्रकार. आणि इंटरफेसमधून वायर काढून तीन पिनी अँपला पण दिली असेल तर अजूनच, एक जमीन इकडून एक जमीन तिकडून, मधल्या वायरीतून ५० हर्ट्झ गात बसतो.

यावर उपाय म्हणून कुणी अँपची मोठी तिसरी पिन मोडायला सांगेल, मी स्वतः हा सल्ला ऐकलाय. चुकूनही करू नका. ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे. मुंग्यांऐवजी झटका बसायला लागला तर गिटार खाली ठेवा आणि वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासा, जुन्या वाड्यात आणि चाळीत तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते असं कितीतरी ठिकाणी आहे.

माझा उपाय एकदम गावठी आहे पण चार वर्षं चालतोय. पॉवरबँक. कॅमेरा अ‍ॅडाप्टरच्या चार्जरच्या भोकात भिंतीतला चार्जर न लावता पॉवरबँक लावायची. घरच्या लाइनशी संबंधच तुटला, मग झिरपणार काय. लाइटनिंगवाल्यांनी चार्जरची टेस्ट पण अशीच करायची. पॉवरचा मेसेज पण नाही, घूं पण नाही आणि लाइट गेली तरी तुम्ही वाजवताय. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला मामा हे आधी सांगायचं की, मी नवीन चार्जर घेतला. घेतला तर घेतला.

बॅटरीवर पण घूं राहिलं तर ते गिटारमधून येतंय. तारांना हात लावला की कमी होतं का? होत असेल तर गिटारची वायरिंग बरोबर आहे, तुमचं अंग अँटेना झालंय इतकंच. सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर थोडं घूं जन्मभर आहे, हंबकर म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपवाल्यांना कमी. उलट हात लावल्यावर वाढत असेल किंवा काहीच फरक पडत नसेल तर गिटारच्या आत ब्रिजला जाणारी वायर सुटलेली असू शकते, दुकानात दाखवा, पाच मिनिटांचं सोल्डरिंग. केबल हलवली की कुर्र कुर्र होतं तर केबल किंवा गिटारच्या जॅकचा नट ढिला. नट हाताने घट्ट करताना आतला जॅक फिरू देऊ नका, वायर तुटते, मी तोडलीये.

आणि हेडफोनच्या भोकात लावायचे ते दोन-तीनशेचे अ‍ॅडाप्टर, त्यांचं काय? ते अ‍ॅनालॉग असतात, त्यांच्यात गिटारचा आवाज आणि हेडफोनचा आवाज एकाच पिनेवर शेजारी-शेजारी राहतात, त्यामुळे अ‍ॅपमध्ये डिस्टॉर्शन वाढवलं की हेडफोनचा आवाज परत इनपुटमध्ये शिरतो आणि किंचाळायला लागतो. क्लीन टोनवर, ट्यूनर म्हणून, ठीक आहे. मेटल वाजवायचं असेल तर पैसे वाया.

वाजवतोय आत्ता, ऐकू येतंय मागून

लेटन्सी, म्हणजे हाच उशीर. ब्लूटूथ हेडफोन लावलेत का? लावले असतील तर पुढचं वाचूच नका, वायरचे लावा. ब्लूटूथ सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे असतं आणि ते कुठलाही इंटरफेस भरून काढू शकत नाही, वीस हजाराचा घेतला तरी.

वायरवर पण उशीर वाटत असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बफर बघा, म्हणजे आवाजाचे किती तुकडे (सँपल) एका वेळी साठवून पुढे पाठवायचे ते. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, जाताना एकदा येताना एकदा आणि वर इंटरफेसचं स्वतःचं थोडं. सगळं मिळून १० मिलिसेकंद धरलं तर आवाज हवेतून तेवढ्या वेळात साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला अँप. तेवढं कुणाला कळत नाही. बफर फार कमी केला आणि आयपॅड जुना असला की तडतड सुरू होते, मग एक पायरी वर या. तडतडीचं अजून एक कारण, अ‍ॅप ४४.१ किलोहर्ट्झ सँपल रेटवर आणि इंटरफेस ४८ वर, दोन्ही एक करा, आणि मागे उघडी राहिलेली दुसरी म्युझिक अ‍ॅप बंद करा कारण ती पण आपलाच रेट धरून बसते.

दोन गिटारी ऐकू येतात, एक साधी आणि एक इफेक्टवाली? इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बंद करा, ते गिटारचा साधा आवाज थेट हेडफोनला देतं. ते बटण गाणाऱ्यांना बरं, अँपची अ‍ॅप वापरणाऱ्याला नको.

अँड्रॉइडवाले

तुमचं थोडक्यात, कारण तुमचं नशीब टॅबलेटवर अवलंबून आहे. यूएसबी ऑडिओ अँड्रॉइड ५ पासून म्हणजे २०१४ पासून आहे, पण लेटन्सी प्रत्येक टॅबची वेगळी. क्लास कंप्लायंट इंटरफेसच घ्या, म्हणजे ज्याला ड्रायव्हर लागत नाही तो, आयपॅडला पण हेच लागू. काही मल्टिइफेक्ट पेडलमध्ये यूएसबीचा मोड बदलता येतो, तो जेनेरिकवर ठेवावा लागतो, कंपनीच्या ड्रायव्हरवाल्या मोडमध्ये टॅबलेट ओळख दाखवत नाही. काही कंपन्यांच्या फोन-टॅबमध्ये ओटीजीचं (बाहेरचं यूएसबी उपकरण जोडायचं) बटण सेटिंगमध्ये असतं आणि ते दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं, आधी ते बघा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी ऑडिओ राउटिंग बंद करायचं एक बटण आहे, ते चुकून चालू असेल तर जन्मात आवाज येणार नाही. लेटन्सी फारच असेल तर ऑडिओ इव्होल्यूशन मोबाइल वापरून बघा, त्याचा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर आहे, पैसे द्यावे लागतात पण फरक पडतो. त्याने पण नाही झालं तर तो टॅब सिनेमा बघायला ठेवा.

घ्यायचाच असेल तर माझं मत विचाराल तर एकट्या गिटारला दोन इनपुटचा साधा, हाय झी असलेला, क्लास कंप्लायंट, हेडफोनला वेगळं नॉब असलेला डबा पुरे. वेगळं हेडफोन नॉब पाहिजेच, नसलं की दर गाण्याला अ‍ॅपमध्ये जाऊन आवाज कमी-जास्त करत बसावं लागतं. जुना वापरलेला मिळाला तरी घ्या, पण घेताना तुमचाच टॅबलेट, तुमचाच अ‍ॅडाप्टर आणि गिटार घेऊन जा आणि तिथेच वाजवून बघा, त्याच्या लॅपटॉपवर नाही.

भाच्याचा काल परत फोन. पॉवर झाली, आवाज झाला, पण बारीक झिर्रर्र येतंय, पॉवरबँकेवर सुद्धा, आणि गंमत म्हणजे फक्त संध्याकाळी. व्हिडिओ कॉल लाव म्हटलं. पलंगावर बसलेला, डोक्यावर ट्यूबलाइट, शेजारी पंख्याचा गोल रेग्युलेटर. म्हटलं गिटार मांडीवरच ठेव आणि बसल्या बसल्या हळूहळू खिडकीकडे तोंड कर. फिरला, झिर्रर्र कमी कमी होत गेलं आणि एका कोपऱ्यात जवळजवळ बंद. आता तिथे खडूने फुली मारलीये म्हणे, आणि ताई विचारतेय फरशीवर हे काय काढलंय.